समुद्राकाठच्या शहरात तळमजल्याचं घर: पुराचा धोका कसा जोखायचा आणि विम्यात नेमकं काय पाहायचं?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार. एका घराचा व्यवहार जवळजवळ ठरत आला आहे आणि माझा पाय मागे येतोय. म्हणून इथे विचारते.

शहर समुद्राकाठचं. घर किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटर आत, पण खाडीला मिळणारा नाला तीनशे पावलांवर. तळमजला, मागे थोडं अंगण. आईला आता जिना चढवत नाही, त्यामुळे तळमजलाच हवा. विकणारे म्हणतात, "इथे कधी पाणी भरलेलं नाही." मागच्या खोलीत गेले तर भिंतीला जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत नवा रंग आणि त्याच्या वर जुना, पोपडे आलेला. मी तिथे काही बोलले नाही. बाहेर आल्यावर मात्र पोटात गोळा आला.

कारण हे मी एकदा भोगलं आहे. मी दहावीत असताना आमच्या घरात रात्री पाणी शिरलं. बाबांनी विमा काढलेला होता, हप्ता कधी चुकवला नव्हता. महिन्याभराने कंपनीचं पत्र आलं, दावा नामंजूर. आमच्याकडे पाणी दारातून आलं नव्हतं, मोरीतून वर आलं होतं. आणि पॉलिसीतली पुराची व्याख्या जमिनीवरून वाहत आत आलेल्या पाण्यापुरती होती. शेजाऱ्यांकडे दारातून आलं, त्यांना पैसे मिळाले. रात्र तीच, पाणी तेच. बाबांनी ते पत्र कितीतरी वर्षं कपाटात जपून ठेवलं होतं, का ते मला कधीच विचारवलं नाही.

तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. घर पाण्यात जाईल की नाही हे घेण्याआधी कसं ओळखायचं? आणि पॉलिसीत कुठली ओळ आधी वाचायची? तुम्ही कुठल्याही देशात असा, अनुभव सांगा.

---

कौलारू

नवा रंग बघितलात ते फार बरं केलंत. अशाच आणखी खुणा असतात. विजेचा मीटर आणि खालची बटणं नेहमीपेक्षा उंचावर नेली आहेत का? फ्रिज, कपाटं विटांवर चढवली आहेत का? दाराच्या चौकटीचं लाकूड खालून फुगलंय का, बिजागऱ्यांपैकी फक्त खालचीच गंजली आहे का? खारं पाणी शिरलं असेल तर भिंतीला लोणा धरतो, पांढरी भुकटी हाताला लागते. रंगाखालूनही ती परत येते.

आणि विकणाऱ्याला विचारूच नका. समोरच्या दुकानदाराला, वर्षानुवर्षं तिथे झाडणाऱ्या सफाई कामगाराला, पलीकडच्या घरातल्या आजींना विचारा. "पाणी येतं का" असं न विचारता "मागच्या वेळी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक नाही म्हणतात, दुसऱ्याला हाताने उंची दाखवतात.

---

भरतीरेषा

ताई, मी पर्जन्यवाहिन्यांचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

समुद्राकाठी पूर तीन वाटांनी येतो. समुद्र फुगून थेट आत येणं ही पहिली. चक्रीवादळात हवेचा दाब उतरतो आणि दर एक हेक्टोपास्कल दाब कमी झाला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटर चढते. त्यावर वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो तो फुगवटा वेगळा, आणि बहुतेक वेळा तोच मोठा असतो. दुसरी वाट नदीनाल्याची, वरून आलेलं पाणी काठ सोडतं. तिसरी वाट सगळ्यात कमी बोलली जाते आणि घरांना सगळ्यात जास्त वेळा तीच छळते: पाऊस इथेच पडतो, पण जायला जागा नसते.

आमच्या वाहिन्या उताराने खाडीत किंवा समुद्रात सुटतात. भरतीला समुद्राची पातळी वाहिनीच्या मुखाच्या वर जाते. मुखाशी झडप असेल तर ती मिटते, म्हणजे समुद्र आत येत नाही, पण शहरातलं पाणीही बाहेर जात नाही. झडप नसेल किंवा कचऱ्याने अडकून उघडी राहिली असेल तर समुद्रच वाहिनीतून रस्त्यावर येतो, आकाशात ढग नसतानासुद्धा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा मुख बुडालेलं राहण्याचे तास वाढतात, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत कमी होतात. मोठा पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की पंप असले तरी ते किती खेचतात यावर सगळं अवलंबून राहतं.

मुंबईचं २६ जुलै २००५ चं उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३. एकाच शहराची दोन टोकं! त्यात दुपारची भरती, आणि मिठी नदीचं पात्र भरावाने व बांधकामांनी आवळलेलं. "आमच्या शहरात अमुक मिलिमीटर पडला" या आकड्याचा तुमच्या गल्लीला काही उपयोग नसतो तो यासाठी.

आता तुमच्या कामाचं. नाल्यापासून घर किती लांब हे कमी महत्त्वाचं. तुमचा उंबरठा किती उंचावर आहे हे महत्त्वाचं. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, एक टोक उंबरठ्याशी आणि दुसरं शेजारच्या भिंतीवरच्या जुन्या पाण्याच्या खुणेशी धरा. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येतं, फरक टेपने मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे. नकाशात जे दिसत नाही ते ही नळी दाखवते. एकदा उधाणाच्या भरतीच्या वेळी नाल्यावर जाऊन उभ्या राहा. पाणी उलटं, आतल्या बाजूला सरकताना दिसलं तर नाल्यावर समुद्राचा अंमल आहे असं समजा.

---

पायवाट

भरतीरेषा, छान समजावलंत. एक शंका. आमच्या भागाचा पूरनकाशा आहे आणि त्यात आमचं घर "शंभर वर्षांतून एकदा" येणाऱ्या पुराच्या रेषेच्या जरासं बाहेर आहे. मग विमा कशाला? आमच्या हयातीत तर येणार नाही.

---

भरतीरेषा

पायवाट, या शब्दांनी फार लोक फसतात. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की ९९ वर्षं सुट्टी असं नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का, आणि दर वर्षी फासा नव्याने पडतो. तीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंत तर त्या मुदतीत एकदा तरी तो येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. चारांत एक. पन्नास वर्षं राहिलात तर जवळजवळ ४० टक्के. आणि हे नेमक्या रेषेवरच असलेल्या घराचं झालं. आत असलात तर धोका याहून जास्त.

बाहेर असलात म्हणून तो शून्य होत नाही. रेषा काढताना जुन्या पावसाच्या नोंदी धरतात. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. समुद्राची जागतिक सरासरी पातळी १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटीमीटर वाढली आहे. काही शहरांत तर भूजल उपसल्यामुळे जमीनच खाली बसते आहे, जकार्ता हे त्याचं ठळक उदाहरण. शिवाय बरेच नकाशे नदी आणि समुद्राचा पूर दाखवतात. तुंबलेल्या वाहिनीचा त्यात नसतोच.

---

जुनी_वही

मी तीसेक वर्षं विमा सर्व्हेअरचं काम केलं, आता निवृत्त आहे. उंबरठा, तुमच्या बाबांसारखी पत्रं मी पाहिली आहेत. काही माझ्या अहवालांनंतर गेली. अहवालात खरं तेच लिहावं लागायचं, पण त्या घरांतून बाहेर पडताना पाय जड व्हायचे. म्हणून इथे मनापासून लिहितो.

पॉलिसी हातात आली की लोक पहिलं पान वाचतात, रक्कम बघतात आणि फाइलला लावतात. तुम्ही व्याख्यांचं पान आधी उघडा. तिथे "पूर" म्हणजे काय ते लिहिलेलं असतं, आणि पाणी कुठून आलं यावर सगळा खेळ असतो. नदीचं पाणी, समुद्राचं पाणी, साचलेलं पावसाचं पाणी, गटारातून उलटलेलं पाणी, भिंतीतून किंवा जमिनीतून झिरपलेलं पाणी, फुटलेल्या नळाचं पाणी. तुमच्या डोळ्यांना ते एकच गढूळ पाणी दिसतं, पण पॉलिसीत ही सहा वेगळी पाणी असतात. कुठली आत, कुठली बाहेर, कुठल्यासाठी जादा कलम घ्यावं लागतं, हे कंपनीला लेखी विचारा. एजंटाच्या तोंडी "सगळं कव्हर आहे" या वाक्याला दाव्याच्या दिवशी काही किंमत राहत नाही.

अमेरिकेत २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना चक्रीवादळ आलं तेव्हा हेच झालं. तिथल्या नेहमीच्या घराच्या पॉलिसीत वारा असतो, पूर नसतो. किनाऱ्यावरची कितीतरी घरं पायापर्यंत वाहून गेली, मागे नुसता चौथरा. वाऱ्याने पडलं की पाण्याने? पुरावा दोघांनीच नेलेला. वर्षानुवर्षं कज्जे चालले.

दुसरी गोष्ट विमा रकमेची. घराच्या बाजारभावाचा विमा काढू नका. बाजारभावात जमिनीची किंमत असते आणि जमीन पुरात वाहून जात नाही. काढायचा तो घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा. पण कमीही धरू नका. बऱ्याच पॉलिसींत सरासरीचं कलम असतं. समजा पुन्हा बांधायला १०० लागणार आणि तुम्ही ६० चाच विमा काढलात, तर ४० च्या नुकसानीवर ४० नाही, २४ मिळतात. लोकांना वाटतं की ६० पर्यंतचं सगळं मिळेल. भारतात १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत हे कलम लावत नाहीत आणि पूर मूळ संरक्षणातच आहे, ही चांगली सुधारणा झाली. इतरत्र मात्र विचारूनच खात्री करा.

तिसरं, वस्तूंची भरपाई नव्याच्या किमतीने की घसारा वजा करून? दहा वर्षं जुन्या कपाटाचा घसारा काढला की हातात काय उरतं ते मी पाहिलेलं आहे. आणि वजावट, म्हणजे नुकसानीचा पहिला जो भाग तुम्हीच सोसायचा, ती पुरासाठी बाकीच्या संकटांपेक्षा वेगळी आणि मोठी असू शकते.

अजून एक, यावर फार कमी लोक बोलतात. घर सुकेपर्यंत राहणार कुठे? महिनेच्या महिने लागतात. पर्यायी निवासाचा खर्च पॉलिसीत आहे का, किती काळ आहे, हे बघा. म्हातारं माणूस घरात असेल तर हे कलम मी पहिल्या तीनांत धरेन.

---

शिंपला

वाचनखूण साठवली. जुनी_वही काका, असंच लिहीत राहा.

---

दगडी_जोतं

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. आम्ही विमा काढलाच नाही. तेवढे पैसे जोतं उचलण्यात, दारांना बसवायच्या फळ्यांत आणि पंपात घातले. विमा पाणी अडवत नाही, पाणी येऊन गेल्यावर भांडायला लावतो. उंबरठाताईंच्या बाबांचंच बघा. हप्ते गेले आणि पैसेही मिळाले नाहीत. घर मजबूत करा आणि विमा सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

रेतीघड्याळ

दगडी_जोतं, अर्धं पटलं. पण फळ्यांबद्दल सावध करते, मी बांधकाम अभियंता आहे.

बाहेर एक मीटर पाणी आणि आत कोरडं, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ५०० किलोचा रेटा. साधी विटांची भिंत आडव्या रेट्यासाठी बांधलेली नसते. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनात सुमारे ६० सेंटीमीटरपर्यंतच पाणी बाहेर अडवावं, त्याहून चढलं तर आत येऊ द्यावं असं सांगतात ते याच कारणाने. आत-बाहेर पाणी सारखं असलं की भिंतीवरचा रेटा सरतो. घर ओलं होतं, पण उभं राहतं. फळ्या उंच करत गेलात तर एखाद्या रात्री भिंतच आत येईल.

म्हणून मी दोन टप्प्यांत विचार करते. कमी पाण्यासाठी अडवणूक: दाराच्या फळ्या, हवेच्या झरोक्यांना झाकणं आणि सगळ्यात आधी मोरी, संडासाच्या बाहेरच्या पाइपावर उलटं पाणी रोखणारी झडप. उंबरठाताई, तुमच्या लहानपणीच्या घरी ही एक झडप असती तर कदाचित... असो. जास्त पाण्यासाठी सोसण्याची तयारी: फरशी दगडाची किंवा टाइल्सची, खाली प्लायवूड नाही, प्लग कमरेच्या वर, स्वयंपाकघराचे खालचे कप्पे सुटे होऊन वर उचलता येतील असे.

पण ही सगळी तयारी एका ठराविक उंचीपर्यंतच पुरते. त्याच्या पुढचं जे पाणी, त्याच्यासाठीच विमा. दोन्हींमधून एक निवडायचं नसतं.

---

दगडी_जोतं

भिंतीच्या रेट्याचा विचार मी केला नव्हता. आमच्या फळ्या ९० सेंटीमीटरच्या आहेत. भिंत बघून घेतो कुणाकडून तरी. धन्यवाद.

---

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत असतो, इकडची पद्धत सांगतो. पुराचा विमा प्रामुख्याने १९६८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी राष्ट्रीय कार्यक्रमातून मिळतो, कारण खासगी कंपन्यांनी हा धोका जवळपास सोडूनच दिला होता. १९७३ च्या कायद्याने जास्त धोक्याच्या भागात, सरकारी हमी असलेलं किंवा सरकारी देखरेखीखालच्या बँकेचं गृहकर्ज असेल तर तो सक्तीचा झाला.

खाचाखोचा बघा. नवी पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळाचा इशारा ऐकून धावलात तर उशीर झालेला असतो. पुराची व्याख्या अशी की एरवी कोरड्या असलेल्या दोन एकर जमिनीवर किंवा किमान दोन मालमत्तांवर पाणी यायला हवं. एकट्या तुमच्याच घरात आलं तर तो पूर नाही. गटारातून उलटलेलं पाणी धरतात, पण परिसरात पूर असेल आणि त्यामुळेच ते उलटलं असेल तरच. तळघरातल्या बऱ्याच वस्तू बाहेर. आणि काका म्हणाले तो तात्पुरत्या निवासाचा खर्च या सरकारी पॉलिसीत मिळत नाही!

ऑक्टोबर २०२१ पासून हप्ता नुसत्या नकाशाच्या पट्ट्यावरून न ठरवता पाण्यापासूनचं अंतर, घराची उंची, पुन्हा बांधायचा खर्च असं घर बघून ठरवायला लागले. काहींचा हप्ता उतरला, काहींचा दरवर्षी चढत चाललाय. माझ्या शेजारच्या वृद्ध दांपत्याने कर्ज फिटताच पॉलिसी बंद केली. परवडत नाही म्हणाले. त्यांचं घर माझ्यापेक्षा सखल आहे. मला त्यावर काय बोलावं कळलं नाही.

---

निवांत_काठ

सातासमुद्रापार, तुमच्या शेवटच्या ओळी लागल्या. मी ब्रिटनमध्ये असते. इथे २०१६ पासून फ्लड री नावाची योजना आहे. सगळ्या घरविमा कंपन्यांकडून वर्गणी घेतात आणि त्यातून जास्त धोक्याच्या घरांच्या पॉलिसीतला पुराचा भाग स्वस्तात उचलतात. म्हणजे टेकडीवरचा माणूस काठावरच्या माणसासाठी थोडं भरतो. पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरं त्यात नाहीत, पूरक्षेत्रात नवी बांधकामं होऊ नयेत म्हणून. आणि योजना २०३९ ला संपणार आहे. घर घेताना ते कधी बांधलंय हे मी पहिलं विचारलं होतं ते यामुळे.

फ्रान्समध्ये १९८२ पासून प्रत्येक मालमत्ता विम्यावर नैसर्गिक आपत्तीचा सक्तीचा अधिभार आहे, सगळ्यांना एकाच टक्क्याने. २०२५ च्या सुरुवातीला तो १२ वरून २० टक्के केला.

मला हे असंच असायला हवं वाटतं. सखल भागात माणसं हौसेने राहत नाहीत. तिथे घर परवडतं म्हणून राहतात.

---

भरतीरेषा

निवांत_काठ, भावनेशी पूर्ण सहमत. पण हप्ता सगळ्यांना सारखाच असला तर बिल्डर सखल जमिनीवर बांधतच राहतो, आणि कुणी खारफुटी तोडून भराव घातला तरी त्याच्या खिशाला चटका बसत नाही. तो भरलेला एक एकर मागच्या वस्तीत पाणी ढकलतो. धोका हप्त्यात दिसायलाच हवा, आणि ज्याला परवडत नाही त्याला मदत वेगळ्या हाताने द्यावी. नेदरलँड्सने १ फेब्रुवारी १९५३ च्या पुरात १,८३६ माणसं गमावल्यावर आधी बांध आणि समुद्रदारं उभारण्यात सगळी ताकद लावली. माझ्या मते सार्वजनिक पैशाची पहिली जागा ती.

---

निवांत_काठ

बिल्डरबद्दल मान्य. पण "वेगळ्या हाताची मदत" बहुतेक ठिकाणी कागदावरच राहते, आणि हप्ता तर दरवर्षी येतो. २००९ ची अट मला त्यासाठीच आवडते. जुन्या रहिवाशांना सांभाळते आणि नव्या बांधकामाला सांभाळत नाही.

---

भरतीरेषा

हो, ती अट चांगली आहे.

---

कोपऱ्यावरची_खोली

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आम्हाला पुराचा विमा कशाला, असं घरात म्हणतात. खरं आहे का?

---

जुनी_वही

खोलीत पाणी येणार नाही हे खरं. पण लिफ्टची यंत्रणा, पाण्याचा पंप, विजेची मुख्य पेटी, पाया, कुंपणाची भिंत हे सगळं खाली आहे आणि त्यात तुमचाही वाटा आहे. इमारतीची एकत्र पॉलिसी आहे का आणि तीत पूर आहे का, हे पुढच्या सभेत विचारा. नसेल तर नुकसान वर्गणी काढून भरावं लागेल आणि ती तिसऱ्या मजल्यालाही द्यावी लागेल. तुमची गाडी खाली उभी असते का? ती घराच्या पॉलिसीत येत नाही.

---

चांदणी_चौथा_प्रहर

पाणी ओसरल्यावर काय करायचं, हे कुणीतरी लिहा. आमच्याकडे घाईघाईने सगळं धुऊन फेकलं आणि नंतर दाव्याला पुरावाच राहिला नाही.

---

जुनी_वही

आधी वीज. मुख्य स्विच बंद असल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, आणि वायरमनने तपासल्याशिवाय परत चालू करायचा नाही. खारं पाणी विजेच्या जोडण्यांत गेलं की आग लागते. २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या ब्रीझी पॉइंट भागात पुराच्या पाण्यात उभी असलेली शंभराहून अधिक घरं अशीच जळाली. विजेवरची गाडी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर ती घरापासून लांब उभी करा.

मग फोटो. काहीही हलवायच्या आधी प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा, रेषेशी टेप धरून. पाणी कुठून आलं त्या जागेचा, दाराचा आणि मोरीचाही. वस्तूंचे मॉडेल क्रमांक. मग कंपनीला लेखी कळवा, त्याच दिवशी. कुजणाऱ्या वस्तू ठेवून आजारी पडू नका. फोटो काढून, यादी करून, कंपनीला कळवून टाका, पण गालिच्याचा एक तुकडा, प्लायचा एक तुकडा पिशवीत बांधून ठेवा. सर्व्हेअरला तो दाखवता येतो. मी स्वतः अशा तुकड्यांच्या आधारे दावे मंजुरीकडे नेले आहेत.

मग सुकवणं. बुरशी एक-दोन दिवसांतच धरायला लागते. खारं पाणी असेल तर भिंती आधी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि भिंत वर्षभर सुकत नाही. आतून पूर्ण सुकल्याशिवाय रंग देऊ नका.

आणि दावा नाकारला तर नाकारण्याचं कारण कलमाच्या क्रमांकासह लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, तिथे नाही झालं तर विमा लोकपाल किंवा तुमच्या देशात तशी जी व्यवस्था असेल तिथे. मुदत असते, ती टळू देऊ नका. बरेच लोक पहिल्या पत्राशीच थांबतात.

---

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमची शेवटची ओळ वाचून बराच वेळ नुसती बसून होते. बाबा पहिल्या पत्राशीच थांबले होते. त्यांना कुणी सांगितलंच नाही की पुढे जाता येतं.

आता काय झालं ते सांगते. रविवारी गवंडीकाकांना घेऊन त्या घरी गेले. समोरच्या आजींना कौलारूंनी सांगितल्याप्रमाणे विचारलं. त्यांनी लगेच त्यांच्या कठड्यावरची एक रेघ दाखवली. नळी लावली. आमच्या होणाऱ्या घराचा उंबरठा त्या रेघेच्या ३५ सेंटीमीटर खाली. म्हणजे आत गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी. नवा रंग कमरेपर्यंत आहे, ओल तेवढी चढली असणार. विकणाऱ्यांना मी शांतपणे सांगितलं की हे घर घेत नाही. ते म्हणाले, विमा काढला की झालं. मी काहीच बोलले नाही.

आजींनीच त्याच रस्त्यावर वरच्या अंगाला आणखी एक घर दाखवलं. जोतं रस्त्यापासून ७५ सेंटीमीटर, नळीने मोजल्यावर उंबरठा रेघेच्या ५० सेंटीमीटर वर. पण पाच पायऱ्या! आईसाठी उतार करावा लागेल. एकास बाराचा उतार धरला तर ९ मीटर लांबी होते, बाजूच्या मोकळ्या पट्टीत मधे वळण आणि सपाट जागा घेऊन बसतो. रेतीघड्याळ, वळणावर चाकाच्या खुर्चीला किती जागा सोडू? नाल्यावरही उधाणाच्या वेळी जाऊन आले. पाणी आतल्या बाजूला सरकत होतं, म्हणून मोरीच्या झडपेचं काम ताबा घेण्याआधीच करून घेणार आहे.

दोन विमा कंपन्यांना काकांनी दिलेली सहा पाण्यांची यादी मेलने पाठवली. एकीने माहितीपत्रक पाठवलं. दुसरीने प्रत्येक पाण्यापुढे उत्तर दिलं: चार आत, झिरपलेलं बाहेर, गटाराचं जादा कलम घेतलं तर आत. तात्पुरतं निवासस्थान सहा महिने. त्यांच्याचकडे घेते आहे, त्या कलमासह.

---

रेतीघड्याळ

वळणावर दीड मीटर बाय दीड मीटर सपाट जागा ठेवा. दोन्ही बाजूंना कठडा, पृष्ठभाग खरबरीत. आणि उताराच्या खालून पाणी वाहून जायला जागा ठेवा, भरीव बांधलात तर तो बांधासारखा शेजाऱ्यांकडे पाणी वळवेल.

---

जुनी_वही

उंबरठा, तो मेल छापून पॉलिसीच्या पहिल्या पानाला टाचा, आणि एक प्रत घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा. उताराचा खर्च विमा रकमेत धरायला विसरू नका, तो आता घराचाच भाग आहे. आईंना नमस्कार सांगा.